जी पेटी माझी नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वीचा धंदा मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर, हल्लीचा धंदा काही नाही, राहणार याच घरी, लिहून ठेवते की हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र आहे. याआधी लिहिले नाही, कारण द्यायला फारसे नव्हते आणि मरायला सवड नव्हती. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, परंतु मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाईंनी मला समजावून सांगितले आहे. कान अजून उत्तम आहेत. हा मजकूर मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याला भुलून लिहीत नाही. धाक दाखवणारे एकच गृहस्थ होते, त्यांचा उल्लेख योग्य त्या कलमात येईल.

वकीलबाई म्हणाल्या, थोडक्यात लिहा. सगळी नोकरी मी लोकांना 'थोडक्यात बोला, लाइन दुसऱ्यांना हवी आहे' असे सांगण्यात घालवली. आता लाइन माझी आहे.

कलम १. राहते घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी असे हे वरच्या मजल्यावरचे घर माझ्या यजमानांनी नकाशे काढण्याच्या नोकरीतून घेतले आणि त्यांच्या मागे ते माझ्या नावावर झाले. ते मी त्यांच्या एकुलत्या एका मुलीला देते. तिला तिच्या आईने टिकली म्हणायला सुरुवात केली, मग सगळेच म्हणू लागले. ती पहिल्या पत्नीपासून झालेली आहे. वकीलबाईंनी विचारले, 'सावत्र' असा शब्द घालू का? मी म्हटले, कायद्याला लागत असेल तर एकदा घाला. तो इथे घातला आहे. पुढे सगळीकडे 'लेक' असे वाचावे.

घर विकायचे, भाड्याने द्यायचे की कुलूप लावून ठेवायचे हे तिने ठरवावे. गॅलरीचे दार पावसात फुगते. ते ढकलू नये, उचलून लावावे.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा. उरेल ते माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना द्यावे. माझे लग्न त्यांनी जमवले आणि त्याची दलाली त्यांना आजवर कोणी दिलेली नाही. खिडकीजवळची आरामखुर्चीही त्यांचीच. 'ही खुर्ची मला फार सोयीची आहे गं' असे त्या प्रत्येक वेळी उठताना म्हणतात. माणसाने किती वेळा सुचवावे!

कलम ३. माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, यांना मी काही देत नाही. मात्र मागे ते आमची लाकडी शिडी घेऊन गेले, ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. परत मागू नये. आणली तर घेऊ नये.

कलम ४. माझी हत्यारे. रुग्णालयाच्या जुन्या बोर्डावरचा माझा हेडसेट कपाटाच्या तळाशी आहे. त्याचा आता कोणाला उपयोग नाही, भंगारात द्यावा. त्याच्यावरून गहिवरू नये, तो माझे कान दुखवण्यापलीकडे काही करत नसे. रेडिओ मला माझ्या मैत्रिणीला द्यायचा होता. ती महिला वॉर्डात सिस्टर होती आणि सगळे अजून तिला सिस्टरच म्हणतात. परंतु ती या मृत्युपत्राला साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही मिळू नये, असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. म्हणून रेडिओ मी काल तिच्या हातात दिला. म्हणाली, 'अगं, मेल्यावर द्यायचास ना, आता तू काय ऐकणार?' मी म्हटले, तुझी बडबड.

कलम ५. पेटी. हे कलम लांब आहे. वकीलबाईंना घाई असेल तर त्यांनी कलम सहा वाचून पुन्हा इथे यावे.

आधी वर्णन. जुनी जपानी पेटी, कागदपत्रे ठेवण्याची असावी. लांबी कोपरापासून मनगटापर्यंत, रुंदी वीतभर, उंची चार बोटे. रंग काळा, इतका नितळ की खोलीतला दिवा तिच्यात विहिरीच्या पाण्यात दिसावा तसा दिसतो. याला लाखकाम म्हणतात, पण ही आपल्या ओळखीची लाख नव्हे, तिकडच्या एका झाडाचा चीक असतो. झाकणावर पाणथळ जागा आणि तिच्यावरून उडत जाणारे रानहंस. हंस चांदीचे आणि एका करड्या धातूचे, गवताची पाती सोनेरी, पाणी शिंपल्याच्या बारीक तुकड्यांचे. ते समोरून पाहिले तर हिरवे दिसते, मान कलती केली की जांभळे. दोन्ही बाजूंना धातूच्या कड्या. त्यांत ओवलेला निळा रेशमी दोर मूळचा नाही, तो लेकीने आठवीत असताना घातला. आत काय आहे ते मला माहीत नाही. 'आतील वस्तूंची यादी' असा मथळा वकीलबाईंनी टाकला होता, तो मी खोडायला लावला.

ही पेटी लेकीच्या आईची. आईचे वडील जहाजावर इंजिनियर होते, त्यांनी ती जपानच्या एका बंदरातून आणली आणि मुलीला लग्नात दिली.

लेकीच्या आईला मी कधी पाहिले नाही. मी तिचा आवाज ऐकला. ती आमच्या रुग्णालयात महिला वॉर्डात होती, पुष्कळ महिने. मी तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत बोर्डावर बसे. त्या खोलीला खिडकी नव्हती. समोर भोकांच्या रांगा, हातात लाइन जोडायच्या दोऱ्या, वरच्या मजल्यांवर कोण येतेय कोण जातेय हे मला फक्त बोर्डावर लागणाऱ्या दिव्यांवरून कळे. रोज सकाळी एका गृहस्थांचा फोन येई. 'महिला वॉर्ड देता का, प्लीज,' असे ते म्हणत. 'प्लीज' म्हणणारे त्या काळी फार थोडे होते. रोज संध्याकाळी वॉर्डातून या बाईंचा, लेकीच्या आईचा, फोन येई. आवाज जरा बसका, घशात ऊब असल्यासारखा. 'बाई, घर जोडून द्या ना.'

एकदा घरी फोन उचलला गेला, पण पलीकडे कोणी बोलेना. मी लाइन तोडली. पुन्हा तेच झाले. तेव्हा बाई म्हणाल्या, 'लगेच तोडू नका हो. माझी मुलगी उचलते. लहान आहे. फोन उलटा धरते, मग सुलटा करते, मग बोलते. ती बोलेपर्यंत धरून ठेवाल?'

मी म्हटले, ठेवीन.

आमचा नियम असा होता की पलीकडून पहिला शब्द ऐकू आला, लाइन लागल्याची खात्री झाली, की ऑपरेटरने बाहेर पडायचे. पुढचे ऐकायचे नाही. मी तो नियम कधी मोडला नाही. त्यामुळे त्या सगळ्या महिन्यांत मी त्या मुलीचा एकच शब्द ऐकला. आधी खरखर, मग श्वास, मग अगदी बारीक आवाजात, विचारल्यासारखा: 'आई?'

तिथे मी बाहेर पडत असे.

तेव्हा माझे वय चौतिशीच्या आसपास होते. लग्न झालेले नव्हते. वडील अंथरुणाला खिळलेले, आई त्यांच्यापायी थकलेली, घर माझ्या पगारावर. मला मूल नाही याचे दुःख करायलाही मला फुरसत नव्हती. पण तो शब्द घेऊन मी रोज घरी जात असे, हे खरे आहे आणि ते इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. चालताना, भाजी घेताना तो माझ्या कानात असे. दुसऱ्याच्या पत्त्यावर आलेली वस्तू हातात घेऊन उभे राहावे, तसा.

पुढे एका सकाळी गृहस्थांच्या फोनआधी वॉर्डातून सिस्टरने मला कळवले की त्यांना वॉर्ड देऊ नकोस, डॉक्टरांना दे. मला समजले. गृहस्थ म्हणाले, 'महिला वॉर्ड देता का, प्लीज.' मी म्हटले, 'डॉक्टरांना देते.' त्यांनी पुन्हा वॉर्ड मागितला नाही. मग म्हणाले, 'बरं.' त्या 'बरं'वरून मला कळले की त्यांनाही समजले.

वर्षा-दोन वर्षांनी वन्संनी माझ्यासाठी त्याच गृहस्थांचे, आपल्या भावाचे, स्थळ आणले. त्या आमच्या रुग्णालयाच्या कचेरीत होत्या. मी ओळखले ते आवाजाने. भेटीला बसलो तेव्हा ते म्हणाले, 'मी तुम्हाला कधी पाहिलं नाही, पण रोज तुमच्याशी बोलत होतो.' मी होकार दिला. लोक म्हणाले, वय झालेलं, मिळालं ते घेतलं. म्हणोत. मला त्यांचा आवाज आवडत होता. आणि मला ते मूल पाहायचे होते.

मी या घरात आले त्या दिवशी टिकली आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. आठ वर्षांची, दोन वेण्या, एक सुटलेली. मांडीवर पेटी. मी दारात उभी राहिले. माझ्या तोंडून नोकरीच्या सवयीने निघाले, 'हॅलो.'

तिने माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाली, 'ही आईची आहे. तुम्ही हात लावायचा नाही.'

'नाही लावणार.'

'कधीच.'

'कधीच नाही.'

यजमानांनी मला बाजूला घेऊन सांगितले की लहान आहे, आठ दिवसांत विसरेल, मनाला लावून घेऊ नको. मी म्हटले, मोठ्यांना दिलेला शब्द एखाद वेळी मागे घेता येतो, मुलांना दिलेला नाही. त्यांनी मान हलवली. ते फार बोलणारे नव्हतेच.

मला हाक काय मारायची हा त्या घरातला मोठा प्रश्न होता. वन्संनी नाना परीने सुचवून पाहिले. मावशी म्हण, काकू म्हण, नवी आई म्हण. पोर ढिम्म. शेवटी तिनेच तोडगा काढला. एके सकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, 'हॅलो, माझा डबा?' झाले. तेव्हापासून मी हॅलो. गल्लीत हॅलोबाई. वाणी, शिंपी, पोस्टमन, सगळ्यांची मी हॅलोबाई. चारचौघांत हसायला बरे होते. कधीकधी शाळेच्या फाटकाशी उभी असताना बाकीची मुले 'आई गं' करत धावत येत आणि आमची चिरंजीव दुरून 'हॅलोऽ' करत येई. तिचे दप्तर घ्यायला मी हात पुढे करी आणि ती देई. हेही काही कमी नव्हते.

ती तेरा वर्षांची असताना उन्हाळा फार कोरडा पडला. पेटीच्या झाकणावर बारीक भेग गेली आणि शिंपल्याचा एक तुकडा सुटून पडला. शाळेतून आल्यावर तिने पाहिले. ती किंचाळली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'तुम्ही हात लावलात.'

मी म्हटले, 'नाही लावला.'

'मग कशी तुटली?'

'मला माहीत नाही. पण शोधून काढू.'

तिचा विश्वास बसला नाही, हे दिसत होते. मी दुसऱ्या दिवशी बोर्डावर बसले आणि कामातून वेळ मिळेल तसा गावोगावच्या ऑपरेटरांना विचारत सुटले की जपानी लाखकाम दुरुस्त करणारे कोणी आहे का. ऑपरेटर ऑपरेटरला नाही म्हणत नाही. एकीने दुसरीला विचारले, दुसरीने तिसरीला, आणि शेवटी एका लांबच्या शहरातल्या एक आजी सापडल्या. त्या तरुणपणी नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानात राहून हे काम शिकून आल्या होत्या.

आम्ही दोघीच गेलो, बसने. यजमानांना रजा नव्हती. पेटी चादरीत गुंडाळून लेकीने मांडीवर धरली होती. वाटेत एकदा गाडीने गचका खाल्ला तर माझा हात आपोआप पुढे गेला, तिने पाहिले, मी मागे घेतला. शिंपल्याचा तुकडा कापसात घालून काड्यापेटीत ठेवला होता, ती काड्यापेटीही तिच्याच मुठीत.

आजींची खोली लहान, अंधारी, दमट. त्यांनी भेग पाहिली आणि म्हणाल्या, हवेचा दोष, कोणाचा नाही. कोरड्यात ही तडकते, उन्हात फिकटते. तेल लावू नका, ओले फडके लावू नका, कपाटात हिच्याजवळ पाण्याची वाटी ठेवत जा. मग त्यांनी आम्हाला दाखवले की या कामाचे थर वाळायला ओलसर हवा लागते. त्यांच्याकडे एक लाकडी कपाट होते, आत ओली फडकी टांगलेली. लाख लावली की वस्तू त्यात ठेवायची. घाई केली, ऊन दाखवले, की काम बिघडले. लेक तोंडाचा आ करून ऐकत होती. माझ्याकडे तिने पाहिले नाही, पण सरकून माझ्या जवळ उभी राहिली. हवेचा दोष, हे तिने ऐकले होते.

आजींनी विचारले, 'पेटी कुणाची?'

'माझ्या आईची,' लेक म्हणाली.

आजींनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, 'छान सांभाळलीये हो तुम्ही. आणि लेकीलाही वळण लावलंय, नुसत्या बोटांच्या टोकांनी धरते.'

मी लेकीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले. ती काही म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही. आजींनी चहा केला, दुरुस्तीला बरेच दिवस लागतील म्हणाल्या, माझ्याशी दोन बायका बोलतात तसे बोलत राहिल्या, की या वयात पोरी फार चिडचिड करतात, मनावर घेऊ नये, आईशीच भांडणार, दुसऱ्या कोणाशी भांडणार. चहा संपेपर्यंत मी आई होते. तो चहा मी जितका सावकाश प्यायले तितका आयुष्यात दुसरा कोणताही प्यायले नाही.

परतीच्या गाडीत तिचे हात मोकळे होते. ती माझ्या खांद्यावर झोपली. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला, पण मी हलवला नाही.

पेटी दुरुस्त होऊन आली, तेव्हापासून कपाटात पाण्याची वाटी. ती भरणे माझे काम. कपाटाची किल्ली मात्र लेकीकडे. वाटी भरायची झाली की मी 'किल्ली?' म्हणायचे आणि ती येऊन कपाट उघडून उभी राहायची.

ती सोळा वर्षांची असताना एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली, 'मला आईचा आवाजच आठवत नाही.' माझ्याशी बोलत होती की ताटलीशी, कळले नाही. मी तिला सांगितले, की मला आठवतो. मग सगळे सांगितले, संध्याकाळचे फोन, बसका आवाज, घर जोडून द्या ना.

ती फिरून उभी राहिली. 'तुम्ही आमचं बोलणं ऐकायचात?'

'नाही. पहिला शब्द आला की आम्ही बाहेर पडायचो.'

'कोणता पहिला शब्द?'

'तू म्हणायचीस, आई?'

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले. मी उरलेली भांडी पुसली. बऱ्याच वेळाने दाराआडून आवाज आला, 'आणि ती काय म्हणायची?'

'ते मी ऐकलं नाही, टिकली. मी तोपर्यंत गेलेली असायचे.'

मला तिला उपाशी पाठवल्यासारखे झाले. मग मी दाराला तोंड लावून तिला सांगितले, की तिची आई मला काय म्हणाली होती. माझी मुलगी लहान आहे, फोन उलटा धरते, ती बोलेपर्यंत धरून ठेवाल? जमेल तितका तोच आवाज काढून सांगितले. दार उघडले नाही. पण ती म्हणाली, 'परत सांगा.' मी परत सांगितले. त्यानंतर बरीच वर्षे, परीक्षेच्या आधी, आजारपणात, ती मधूनच म्हणायची, 'हॅलो, ते सांगा ना.' काय ते विचारावे लागत नसे.

दाराआडून बोललो त्याच्या दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली माझ्या उशाशी ठेवलेली होती.

पुढचे भरभर झाले. ती शिकली, परदेशात नोकरी लागली, तिकडेच राहिली. जाताना पेटी इथे ठेवली, कारण तिकडची हवा कोरडी, घरात वर्षभर हीटर. 'तुम्ही वाटी भराल ना?' एवढेच म्हणाली. मी भरत आले. धूळ झटकायला मी मऊ कुंचला आणला. कुंचला म्हणजे हात नव्हे, असे मी माझ्यापुरते ठरवले. या मुद्द्यावर वकीलबाईंचे मत वेगळे असल्यास त्यांनी ते स्वतःजवळ ठेवावे.

दर रविवारी तिचा फोन येई. मी उचलायचे. 'हॅलो.' पलीकडून हसू, 'हॅलोच आहात ना अजून. बाबा आहेत?' आणि मी म्हणायचे, 'जोडते,' आणि फोन यजमानांच्या हातात द्यायचे आणि सवयीने स्वयंपाकघरात निघून जायचे. ते म्हणत, अगं थांब की. पण मला तसे थांबता येत नसे. त्यांचे बोलणे झाले की ते मला सांगत, तिकडे बर्फ पडले, तिला बढती मिळाली, तुला विचारत होती. 'तुला विचारत होती' हे वाक्य ते कधी विसरले नाहीत. ती खरोखर विचारत असे की ते पदरचे घालत, हे मी तपासले नाही.

चार वर्षांपूर्वी यजमान गेले. लेक आली, दोन आठवडे राहिली. कपाट आवरताना पेटी समोर आली तेव्हा मी मागे सरले, नेहमीसारखी. ती म्हणाली, 'तुम्ही अजून हात लावला नाहीत?'

'शब्द दिला होता.'

'अहो, मी आठ वर्षांची होते.' ती हसली, मग तिथेच जमिनीवर बसून रडली. वडिलांसाठी रडायची राहिली होती, ते सगळे तेव्हा बाहेर पडले. मग तिने डोळे पुसले, पेटी उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

मला वाटले होते जड असेल. इतकी वर्षे मी तिला फार जड समजत होते. ती अगदी हलकी आहे. चहाच्या दोन कपांचे वजन असेल. मी चांदीच्या हंसांवरून बोट फिरवले. ते थंड होते, शिंपला त्याहून थंड. मी पटकन परत दिली. तिला वाटू नये की मला हवी आहे.

ती परत गेली त्यानंतरच्या पहिल्या रविवारी फोन वाजला. 'हॅलो.' तिच्या तोंडून निघून गेले, 'बाबा...' आणि ती थांबली. मी थांबले. जोडून द्यायला कोणी नव्हते. दोन्हीकडे नुसता श्वास. मग ती म्हणाली, 'वाटी भरली?' मी म्हटले, भरली. तिने विचारले, हवा कशी आहे. मी सांगितले. तेव्हापासून दर रविवारी आम्ही पेटीविषयी बोलतो. पेटी कशी आहे, दोर विरला का, ऊन तर येत नाही ना. एखाद्या घरात एखादे आजारी माणूस असावे आणि सगळे त्याच्याविषयीच बोलत राहावेत, तसे. माझ्या गुडघ्यांचे मी तिला सांगत नाही, तिच्या एकटेपणाचे ती मला सांगत नाही. पेटी उत्तम आहे.

आता भाऊजी. यजमानांच्या मागे वर्षभराने ते जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आले. व्यापारी सभ्य होता, चप्पल काढून आत आला. भाऊजी म्हणाले, 'वहिनी, दादा गेला. ही दादाच्या घरातली वस्तू, म्हणजे घराण्याची. तुमचा तिच्यावर काही हक्क पोचत नाही.'

मी म्हटले, 'माझा नाहीच पोचत. तुमचाही नाही. तिच्या आईच्या माहेरची आहे ती.'

त्यांनी कोर्टाचे नाव काढले, वकिलांचे काढले, मी परक्या घरातून आल्याचे काढले. मी कपाटाला पाठ लावून स्टुलावर बसून राहिले. शेवटी मी लेकीला फोन लावला. तिकडे कामाची वेळ होती. मी एवढेच म्हटले, 'काका आलेत, पेटीचं म्हणतायत. जोडते.' फोन भाऊजींच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले.

थोड्या वेळाने ते लाल होऊन आत आले. 'पोरीचं डोकं फिरलंय. म्हणते, आईला विचारल्याशिवाय पेटी जागची हलणार नाही. आता गेलेल्या बाईला मी कुठे विचारायला जाऊ?'

माझ्या हातात पातेले होते. ते मी खाली ठेवले.

व्यापारी त्यांच्या मागेच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, भिंग खिशात घातले आणि म्हणाला, 'चला साहेब. आपल्याला उत्तर मिळालं.' भाऊजींना काही समजले नाही. रिकाम्या हाताने जाणे त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून जाताना शिडी नेली.

त्या रविवारी फोन आला. मला विचारायचे होते. 'काकांना तू काय म्हणालीस गं?' एवढेच. वाक्य तोंडापर्यंत आले होते. पण तिने म्हटले असते, की अहो, मी माझ्या आईबद्दलच बोलत होते, काकांना गप्प करायला काहीतरी सांगितलं, तर? तिचा स्वभाव तसा मिस्कील आहे. मी विचारले नाही. नंतरही विचारले नाही. व्यापाऱ्याला जे समजले तेच खरे असेल अशी मला आशा आहे. माणूस वस्तू पारखणारा होता. तरी तो एकदाच भेटलेला परका माणूस, त्याच्या नजरेवर किती विसंबायचे?

तिने मला एकदा, फक्त एकदा, फोन उचलल्यावर त्या शब्दाने हाक मारावी असे मला अजून वाटते. वय एकोणऐंशी असून वाटते. हे मी तिला सांगितलेले नाही. मागून घेतलेली हाक, हाक नसते.

कलम ६. वकीलबाईंच्या मते, इतकी वर्षे ताब्यात असल्यामुळे पेटी माझीच आहे असे धरून ती मृत्युपत्राने लेकीला देता येईल. मला ते मान्य नाही. ताबा वेगळा आणि मालकी वेगळी, हे मला आठ वर्षांच्या मुलीने शिकवले आहे. जे माझे नाही ते मी देऊ शकत नाही. सबब पेटी, बंद, आतील वस्तूंसह, माझ्या मालमत्तेत धरू नये. ती लेकीची होती आणि आहे. तिने ती न्यावी, विकावी, कोणा संग्रहालयाला द्यावी किंवा रोज वापरावी. पेटीसाठी इथे यायला हवे, असे तिने मानू नये. मी नसताना या घरात तिच्यासाठी पेटीखेरीज काही उरणार नाही, आणि पेटी हलकी आहे.

कलम ७. माझे अंत्यसंस्कार साधे करावेत. भाषणे नकोत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

एक शेवटची सूचना. मृत्यूची नोंद करताना खबर देणाऱ्याचे मृताशी नाते काय, असा एक रकाना असतो. माझ्या जिन्याखालच्या खोलीसमोरच नोंदणीचे टेबल होते, मी दारातून लोकांना तो भरताना पुष्कळ पाहिले आहे. कोणी तिथे थांबत नाही, पटकन लिहून टाकतात. माझ्या बाबतीत तो रकाना वकीलबाईंनी, सिस्टरने, वन्संनी किंवा कोणा कारकुनाने सोयीसाठी भरू नये. लेक दूर आहे, तिला यायला वेळ लागेल, नोंदणीला उशीर झाला तर होऊ द्यावा. ती आली की कागद तिच्यापुढे ठेवावा आणि सगळ्यांनी खोलीबाहेर जावे. ती जो शब्द लिहील तो बरोबर आहे असे समजावे, त्यावर कोणी काही विचारू नये. तो मला वाचायला मिळणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे.

वरील मजकूर मी वाचला, मला तो समजला, आणि तो मला मान्य आहे.

(सही) लिहून ठेवणारी

आमच्या समक्ष सही केली. लिहून ठेवणारी शुद्धीवर होती, तिचा हात स्थिर होता. शेवटच्या कलमाला थांबून तिने पाणी मागितले, ते दिले.

साक्षीदार १ : (सही) सिस्टर, निवृत्त, महिला वॉर्ड
साक्षीदार २ : (सही) तळमजल्यावरचा शिंपी. मी पूर्ण वाचले. शिडी माझी होती, पण माझी काही तक्रार नाही.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक : ९ मार्च २०१९